शिवाराची जंत्री

राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियानाला केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. खर्च २,४८१ कोटी रुपये. क्षेत्र ७.५ लाख हेक्टर, गावसमूह १५,०००, शेतकरी १ कोटी, जैविक निविष्ठा तयार करणारी केंद्रं १०,०००. काम किती पुढे गेलं ते याच आकड्यांवरून ठरेल. किती हेक्टरांची नोंद झाली, किती ड्रम वाटले, किती जणांना प्रशिक्षण दिलं.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१९ मध्ये एक वेगळी मोजणी मांडली. शेती रसायनांकडून निसर्गाच्या चक्राकडे किती वळली हे पाहण्यासाठी दहा तत्त्वं, त्यांखाली ३६ मुद्दे, प्रत्येकाला ० ते ४ गुण. यात हेक्टरापेक्षा संबंधांची विचारपूस जास्त आहे. जनावर आणि पीक एकमेकांच्या उपयोगी पडतात का? बियाणं घरचं किती? काडीकचरा, शेण कुठं जातं? झाडं पिकाच्या जवळ आहेत का? ताटात गावचं काय असतं? बाईचा शब्द शेतात चालतो का?

हे प्रश्न घेऊन सोलापूर, धाराशिव, लातूर, बीड या कोरडवाहू पट्ट्यात बांधावर बसलं की उत्तरं येतात, पण भूतकाळात येतात. "होतं की." "आमच्या आईच्या वेळेपर्यंत होतं." म्हणून गुण देण्याआधी जे गेलं, जे जातंय, त्याची नोंद करायला घेतली. क्रम लावलेला नाही. एक वस्तू उचलली की तिला बांधलेली दुसरी आपोआप वर येते, हाच काय तो क्रम.

जोंधळा. म्हणजे शाळू, रब्बी ज्वारी. उत्तरा-हस्ताच्या पावसावर पेरायची आणि पुढं काळ्या रानातल्या ओलीवर, थंडीवर आणायची. पाणी द्यायचं नाही. मोहोळच्या केंद्रावर निवडलेली मालदांडी ३५-१ हा इथला मुख्य वाण. शिवाय दगडी, हुरड्याची गूळभेंडी, नागपंचमीच्या लाह्यांची वेगळी. १९७०-८० च्या दशकांत महाराष्ट्रात खरीप-रब्बी मिळून ज्वारीखाली ६० लाख हेक्टरांच्या वर जमीन होती. आता त्यातला तिसरा हिस्साही उरलेला नाही. सोयाबीन मात्र ५० लाख हेक्टरांच्या आसपास पोचलं आहे.

ज्वारी सोडणाऱ्याला दोष देता येत नाही. रब्बी ज्वारी मुळासकट उपटून काढावी लागते. ताटं उपटून तळहात सोलून निघतात. मग पेंढ्या बांधायच्या, कणसं मोडायची. ही सगळी कामं बहुतेक बायांची, वाकून करायची आणि आता मजुरी देऊनही माणूस न मिळणारी. रेशनवर तांदूळ-गहू आधी दोन-तीन रुपयांनी आणि २०२३ पासून फुकट मिळू लागल्यावर घरात खाण्यापुरती ज्वारी पिकवायचीही निकड राहिली नाही. हमीभावाच्या यादीत २०२४-२५ साली मालदांडीला संकरित ज्वारीपेक्षा क्विंटलमागे ५० रुपये जास्त होते. भाकरीची चव, कडब्याची प्रत आणि बिनपाण्याचं पीक, या तिन्हीची किंमत सरकारी हिशेबात ५० रुपये.

कडबा. ज्वारी गेली तेव्हा धान्याच्या आधी हा गेला. सोयाबीनच्या भुसकटाला जनावर नाइलाजानेच तोंड लावतं. घरामागची कडब्याची गंज पाहून सोयरीक ठरायची, असं जुनी माणसं सांगतात, कारण गंज म्हणजे वर्षभर दावण भरलेली राहणार याची खात्री.

बैल. कडबा विकत घ्यायचा तर बैलजोडी परवडत नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशात सगळ्या नर गोवंशाची संख्या ४.७४ कोटी भरली, २०१२ मध्ये ती ६.७९ कोटी होती. सात वर्षांत ३० टक्के घट. त्याच काळात गाई १८ टक्क्यांनी वाढल्या. दूध राहिलं, ओढ गेली. ट्रॅक्टर आला हे मोठं कारण. महाराष्ट्रात २०१५ पासून बैलाच्याही कत्तलीला बंदी आली. तेव्हापासून म्हातारा बैल विकून त्यात भर घालून तरणा घ्यायची सोय बंद झाली, हे शेतकरी उघड सांगतात.

खिल्लार बैल सांगोला, मंगळवेढा, आटपाडीच्या माणदेशात अजून दिसतो आणि देखणा दिसतो. त्याला आज जपलं आहे ते शर्यतीने. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मे २०२३ मध्ये शर्यतींचे कायदे वैध ठरवले आणि चांगल्या खोंडाला भाव आला. जात टिकली याचा आनंद आहे. पण औताला न जुंपलेल्या बैलाचं शेताशी नातं फक्त शेणापुरतं उरतं.

वारंगुळा. माझा एक बैल, तुझा एक बैल, दोघांची मिळून जोडी. आज तुझं रान, उद्या माझं. बैल दोन्ही दारांतून गेला, आणि हाही गेला.

उकिरडा. याच्यावर थोडं थांबायला हवं. अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज शेतीशास्त्रज्ञ १९०५ मध्ये हिंदुस्थानात आले ते इथल्या शेतीला शिकवायला. पुढे इथल्या शेतकऱ्याला आणि किडीला आपण गुरू केलं असं त्यांनी मोकळेपणाने मांडलं. १९२४ ते १९३१ या काळात इंदूरच्या संस्थेत त्यांनी खताची जी पद्धत बसवली ती जगभर इंदूर पद्धत म्हणून गेली. त्या कामावरच्या १९३१ च्या पुस्तकावर हॉवर्डसोबत दुसरं नाव आहे यशवंत वाड यांचं. सेंद्रिय शेतीच्या जागतिक इतिहासात हे मराठी नाव पहिल्या पानांवर असायला हवं, आणि आपल्याकडच्या प्रशिक्षणवर्गात ते कुणी घेत नाही.

उकिरड्यात काय असायचं? गोठ्यातलं शेण, मुतानं भिजलेली दावणीखालची माती, जनावरांनी टाकलेले कडब्याचे बुडखे, चुलीची राख, घरचा केर, खळ्यावरचा भुसा, सणासुदीचं निर्माल्य. थर आपोआप पडत. वैशाखात गाड्या भरून रानात ढीग घालायचे आणि पावसाच्या तोंडावर विस्कटायचे. आज गावच्या कडेला उकिरडा आहे, पण फावडं घातलं की गुटख्याच्या पुड्या, शाम्पूचे पाऊच, औषधांच्या गोळ्यांची पाकिटं, पिशव्या वर येतात. राख नाही, कारण चूल नाही. चूल गेली हे चांगलं झालं, बाईचे डोळे आणि छाती वाचली. पण राखेबरोबर रानात जाणारं पालाशही थांबलं. त्याच्या जागी काय येणार, हे ठरवायला हवं होतं. ते कुणी ठरवलं नाही.

ड्रम. ही नवी वस्तू. निळा, प्लॅस्टिकचा, २०० लिटरचा. विदर्भातल्या सुभाष पाळेकरांनी सांगितलेलं एका एकराचं जीवामृत त्यात होतं. देशी गाईचं शेण १० किलो, गोमूत्र, गूळ २ किलो, डाळीचं पीठ २ किलो, बांधावरची मूठभर माती, पाणी. ड्रम आता गावोगाव दिसतात आणि त्यातून पुष्कळांचा खताचा खर्च उतरला आहे. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारताना विषबाधा होऊन वीसपेक्षा जास्त माणसं गेली. ते आठवणाऱ्याला फवारणीचं विष कमी करणारी प्रत्येक गोष्ट मोलाची वाटेल. मलाही वाटते.

तरीही ड्रमाशेजारी उभं राहून एक विचारावंच लागतं. शेण कुठलं? गाय नसलेल्या घरात शेण विकत येतं, गोमूत्र कॅनमध्ये येतं, आणि आता तयार जीवामृतही बाटलीत मिळतं. स्टीफन ग्लिसमन या अमेरिकी कृषिशास्त्रज्ञाने या बदलाच्या पाच पायऱ्या सांगितल्या आहेत. पहिली, रसायनं जपून वापरणं. दुसरी, रसायनाच्या जागी जैविक वस्तू आणणं. तिसरी, शेताची मांडणीच बदलणं. चौथी, पिकवणारा आणि खाणारा यांना पुन्हा जोडणं. पाचवी, सगळी अन्नव्यवस्थाच त्या पायावर उभी करणं. आपली बहुतेक मिशनं दुसऱ्या पायरीवर आहेत. युरियाच्या गोणीऐवजी ड्रम आला, पण शेतात पीक तेच, एकटं सोयाबीन. दावण रिकामी ती रिकामीच.

मेंढरं बसवणं. धनगरांचा कळप उन्हाळ्यात रात्रीचा रानात बसवायचा. लेंडी आणि मूत जागेवरच पडायचं. मोबदला धान्यात. अजून काही गावांत रोख पैसे देऊन बसवतात. पण वाटा बंद झाल्या, गायरानं गेली, आणि दुबार पिकांमुळे रान मोकळं राहीना. महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिताना जंगलखात्याने चराईची रानं बंद केल्यावर जनावरं आणि त्यांच्यामागोमाग जमिनीचा कस कसा गेला, हे दाखवलं होतं.

चाडं. तिफणीला तीन फण. दांडीवर लाकडाचं, वाटीच्या घाटाचं चाडं. त्याच्या बुडाला तीन भोकं, प्रत्येक भोकातून एक नळी फणाच्या टोकापर्यंत. पेरणारा एका हाताने तिफण सांभाळतो आणि दुसऱ्या हाताची मूठ चाड्यावर धरतो. दाणे मुठीतून अंगठ्याच्या कडेने सुटायला हवेत, तिन्ही भोकांत सारखे. मूठ आवळली तर पेर पातळ, सैल झाली तर दाट. ओल जास्त असेल तर किती सोडायचं, उशीर झाला असेल तर किती, हलक्या रानात किती, ते मुठीला कळायचं. चाड्यावर मूठ कुणाची, याला गावात मान होता.

सरता. तिफणीमागं दोरीने बांधलेली एकच नळी, वर छोटंसं तोंड. ती धरून बाई मागं चालायची. तिच्या ओटीत तूर, कधी करडई, कधी जवस. ठरावीक तासांनंतर एक तास तिच्या हातचं पडायचं. काय मिसळायचं आणि किती तासांनंतर, हे बऱ्याचदा तीच ठरवायची, कारण वर्षभर डाळ-तेल कशाचं करायचं याची काळजी तिलाच. पुरुष चाड्यावर, बाई सरत्यावर. एका पेरणीत दोन पिकं, दोन खोलीची मुळं, दोन वेळची काढणी. पाऊस एकावर रुसला तर दुसरं हाताला लागायचं.

ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्राने वेळ वाचतो. पावसाची उघडीप चार दिवसांचीच असते तेव्हा वेळ म्हणजेच पीक, त्यामुळे यंत्राला नावं ठेवण्यात अर्थ नाही. सोयाबीन-तुरीच्या आंतरपिकाची शिफारस आहे, आणि बी वेगवेगळं टाकायची सोय असलेली पेरणीयंत्रंही आहेत. पण यंत्र भाड्याचं असतं, एकराचा दर ठरलेला असतो, पुढचा शेतकरी बांधावर खोळंबलेला असतो. पेटी एकाच बियाण्याने भरली जाते. सरता कुठं गेला, असं विचारल्यावर एका आजीने माळ्याकडे हात केला. तिथं तो होता, आत पाकोळ्यांचं घरटं.

पाटा. ज्वारीच्या कडेने किंवा मधे करडईचे तास. करडईला काटे, म्हणून जनावर आत घुसत नाही. कोवळी पानं भाजीला, बी तेलाला. शिवाय अंबाडी, तीळ, कारळं, हुलगा, मटकी, यांना वेगळं रान कधी मिळालं नाही, ती पाट्यावरच जगायची. पाटा मोडला आणि ही सगळी एकदम गेली. सातबाऱ्याच्या पीकपाहणीत त्यांची नोंद आधीही धड होत नव्हती. त्यामुळे गेल्याचीही नोंद नाही.

घाणा. करडई गेली, घाणा गेला, पेंड गेली, पेंड खाणारी म्हैस गेली. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक आज बाहेरून येतं. शहरात लाकडी घाण्याचं तेल परत दिसू लागलं आहे. चांगलं आहे, महाग आहे, आणि त्यातली करडई कुठल्या रानातली हे बाटलीवर नसतं.

बियाणं. निवड उभ्या पिकात व्हायची. शेताच्या मधलं, भरलेलं, कीड नसलेलं कणीस हेरून त्याला खूण करायची. ती कणसं चुलीवरच्या आढ्याला टांगायची, धूर बसू द्यायचा. कडधान्याचं बी राख चोळून, लिंबाचा पाला घालून, मडक्यांच्या उतरंडीत. तोंड शेणामातीने लिंपून बंद. जास्तीचं असेल तर शेणाने सारवलेल्या कणगीत. ज्याचं संपलं त्याने शेजाऱ्याकडून न्यायचं आणि सुगीला सवाईने परत करायचं. हीच सवाई सावकाराच्या हातात गेली की घर बुडायचं, तेही विसरायचं नाही.

स्वातंत्र्याच्या वेळी देशातला ९७ टक्के कापूस देशी वाणांचा होता. बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली, आणि आज नव्वद टक्क्यांहून जास्त क्षेत्र बीटी संकरितांखाली आहे. संकरित म्हणजे दरसाल पाकीट. विदर्भ-मराठवाड्यातल्या लाखो घरांत कापसाची सरकी राखणं एका पिढीत थांबलं. २००१ च्या वाण संरक्षण कायद्याने शेतकऱ्याला बी राखायचा, पेरायचा, देवघेव करायचा, ब्रँड न लावता विकायचाही हक्क दिला आहे. हक्क कागदावर शाबूत आहे, उतरंड मात्र नाही.

याच खात्यात जमेची बाजूही आहे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी घरात वालाचे, भाताचे, भाज्यांचे किती वाण जपले हे आता सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. 'बायफ' या संस्थेची साथ मिळाली, २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. राज्य सरकारने २०२२ मध्ये महाराष्ट्र जनुक कोशासाठी १७२.३९ कोटी रुपये मंजूर केले. आणि याहून साधी, पण मला जास्त धीर देणारी एक गोष्ट आहे. २०२० च्या खरिपात विकतचं सोयाबीन बियाणं उगवलं नाही, राज्यभर तक्रारी झाल्या. त्यानंतर कृषी विभागाने घरचं बी वापरा म्हणून जोर लावला. सोयाबीन स्वपरागी, त्यामुळे घरचं चालतं. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, पाणी मारत राहायचं, आठवड्याने उलगडून मोड मोजायचे. सत्तर किंवा वर आले तर बी पेरायला योग्य. ज्या घरांत बी राखणं थांबून पिढी लोटली होती, तिथं पोरं ओसरीवर बसून मोड मोजताना दिसली. पीक सोयाबीनच, वाण विद्यापीठाचा, तरी हात पुन्हा बियाण्याला लागला. अन्न व कृषी संघटनेच्या मोजपट्टीवर बियाण्याच्या मुद्द्याला इथं मी शून्य देणार नाही.

बांध. हॅरल्ड मान हे पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य. त्यांनी सहकाऱ्यांबरोबर पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरचा घर-घर, तुकडा-तुकडा अभ्यास केला, तो १९१७ मध्ये छापून आला. त्यात १७७१ साली सरासरी ४० एकरांची धारणा १९१५ पर्यंत ७ एकरांवर आल्याची नोंद आहे. गावाची अशी मोजदाद त्यानंतर आपण क्वचितच केली. आज पिंपळे सौदागरला सोसायट्यांचे टॉवर आहेत. २०१५-१६ च्या कृषिगणनेत महाराष्ट्राची सरासरी धारणा १.३४ हेक्टर.

तुकडे पडले तशी बांधांची लांबी वाढायला हवी होती. पण प्रत्येक वाटणीला बांध कोरला गेला. लिंब, बोर, बाभूळ, हिवर यांची सावली पिकावर पडते म्हणून ती तोडली. त्यांच्यावर बसून घाटेअळी टिपणारे पक्षी गेले आणि मग शेतात काठ्या रोवून पक्षीथांबे करायची शिफारस आली. बांधाखाली मिळणाऱ्या पाथरी, घोळ, तांदुळजा, कुर्डू या भाज्यांना बाजारभाव नव्हता, त्यामुळे तणनाशकाचा पंप फिरला तेव्हा नुकसान झालं असं कुणाला वाटलं नाही. कपाशीत तर तणनाशक सहन करणारं बेकायदा बियाणं पसरलं, आणि निंदणीच्या वेळी ओटीत भाजी घेऊन घरी येणाऱ्या बाईची मजुरी आणि भाजी दोन्ही एकदम थांबली. सरकार अलीकडे दर पावसाळ्यात रानभाजी महोत्सव भरवतं. तिथं गर्दी होते. त्याच तालुक्याच्या कृषी सेवा केंद्रात तणनाशकाचे डबे पुढच्या फळीवर असतात.

बलुतं. त्रिंबक नारायण आत्रे यांनी 'गावगाडा' १९१५ मध्ये लिहिला, तेव्हाच तो गाडा कुरकुरत होता. सुतार तिफण भरून द्यायचा, लोहार फाळ शेवटायचा, सुगीला धान्य न्यायचा. ती दुरुस्ती गावात व्हायची, हे खरं. पण या जंत्रीतलं सगळं परत यावं असं मी म्हणत नाही. महारांना वतनाच्या नावाखाली राबवून घेणं १९५८ च्या कायद्याने संपलं, ते संपायलाच हवं होतं. सालगड्याचं जिणं, वर्षभराची उचल, पहाटेपासून जातं ओढणारी बाई, विहिरीवर बैलांबरोबर दिवसभर मागं-पुढं करणारा मोटकरी, यांतलं काहीही सुंदर नव्हतं. जुनी शेती निसर्गाला धरून होती असं म्हणताना ती कुणाच्या पाठीवर होती, हेही त्याच दमात सांगायला हवं. अन्न व कृषी संघटनेच्या दहा तत्त्वांत मानवी प्रतिष्ठेला स्वतंत्र जागा आहे. नैसर्गिक शेतीच्या आपल्या व्यासपीठांवर तो विषय मी फार कमी ऐकला आहे.

खपली. हा गहू परत आला. मधुमेहाच्या भीतीने पुण्या-मुंबईत त्याला मागणी वाढली, आणि सांगली, सातारा, कोल्हापूरकडे पुन्हा पेरा होऊ लागला. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, जालन्याच्या दगडी ज्वारीला २०२४ मध्ये. ही ग्लिसमनची चौथी पायरी, खाणारा आणि पिकवणारा जोडला गेला. दोन पायऱ्या गाळून चौथीवर उडी मारली की काय होतं, तेही इथंच दिसतं. वाण जुना, भाव चांगला, आणि रान एकसुरी, खत गोणीतलं.

भज्जी. मार्गशीर्ष अमावास्येला लातूर-धाराशिव-सोलापूरकडे येळवस करतात. रानात कडब्याची कोप उभी करायची, पांडव मांडून पूजा करायची, गोतावळा जमवून जेवायचं. आंबील, बाजरीचे उंडे आणि भज्जी. भज्जीत त्या दिवशी रानात जे असेल ते सगळं पडायचं. तुरीचे ओले दाणे, सोलाणे, वालाच्या शेंगा, वाटाणा, भुईमूग, मेथी, चाकवत, करडईची पानं, गाजर, चिंच, बोरं. एका शिवारात किती प्रकारचं अन्न आहे याची मोजणी दरसाल एका पातेल्यात व्हायची, आणि ती मोजणारे पोटभर जेवून उठायचे. मला तरी याहून चांगला निर्देशांक माहीत नाही.

येळवस आजही जोरात आहे. पुण्याला गेलेली पोरं गाड्या करून येतात. आदल्या दिवशी लातूरच्या मंडईत भज्जीच्या सामानाची झुंबड उडते. वाटाणा, वाल, मेथी, गाजर, सगळं पिशव्या भरून रानाकडे निघतं. बाजारातून शेताकडे. कोपीला कडबाही विकतचा. दोन-तीन शेतकरी गटांनी अलीकडे ठरवलं की भज्जीत आपल्या रानातलं काय काय पडलं याची यादी त्याच दिवशी वहीत लिहायची आणि पुढच्या साली ताडून पाहायची. पहिल्या यादीत चार-पाच नावं निघाली. वही मात्र बायांनी ठेवली आहे, आणि त्यातल्या एकीने पुढच्या खरिपासाठी पाट्याचं बी आतापासूनच मागून ठेवलं आहे.

शेजार. पीजीएस नावाची प्रमाणीकरणाची पद्धत आहे. गटातल्या शेतकऱ्यांनीच एकमेकांची शेतं पाहायची आणि खात्री द्यायची. रूपांतराचा काळ साधारण तीन वर्षांचा. वारंगुळ्यानंतर शेजाऱ्याच्या रानात पाय ठेवायचं कारण पुन्हा या पद्धतीने दिलं, म्हणून मला ती महत्त्वाची वाटते. अडचण तीन वर्षांची आहे. या पट्ट्यात कितीतरी जमीन ठोक्याने किंवा बटईने, एकेका वर्षाच्या बोलीवर कसली जाते. मालक शहरात. पुढच्या पाडव्याला रान आपल्याकडे राहील का हे माहीत नसलेला माणूस त्यात शेणखत का ओतेल? बांधावर झाड का लावेल? ठोकेकऱ्याचं नाव कुठल्याच यादीत नसतं, त्यामुळे अभियानाच्या एक कोटीतही तो येत नाही.

आणि सरता धरणारी बाईही येत नाही. बियाणं तिने राखलं, पाट्यात काय टाकायचं ते तिने ठरवलं, जीवामृताचा ड्रम सकाळ-संध्याकाळ तीच ढवळते. योजनेच्या लाभासाठी आता शेतकरी ओळख क्रमांक लागतो, त्यासाठी सातबाऱ्यावर नाव लागतं, आणि सातबारा नवऱ्याच्या नाहीतर सासऱ्याच्या नावे. १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन झालं, त्यानंतर शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्ती हाती घेतली, आणि गावंच्या गावं बायकांच्या नावावर जमिनीचा वाटा करून देऊ लागली. पत्नीचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावायचा तो मार्ग आजही उपलब्ध आहे. अर्ज तलाठ्याकडे द्यायचा असतो. नैसर्गिक शेतीच्या गटाची नोंदणी करायला कृषी सहाय्यक गावात येतो, तेव्हा त्याच्या पिशवीत हा अर्जही असावा.